पहिल्या दिवसाचे फोटो छान, पण तिसऱ्या आठवड्याबद्दल पण लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी शाळा उघडल्या की तुमच्या पेपरात बालवर्गातल्या मुलांचे फोटो येतात, एकाने भोकाड पसरलेलं, एक आईच्या गळ्यात पडलेलं, एक नुसतंच टुकूटुकू बघणारं, आणि शेजारी बातमी असते चिमुकल्यांच्या स्वागताची. फोटो छान असतात, आमच्या घरी आवडीने बघतात सगळे. पण दुसऱ्या दिवसापासून हा विषय पेपरातून जो गायब होतो तो थेट पुढच्या वर्षीच उगवतो. आणि आमच्यासारख्या घरांमधे खरी परीक्षा तेव्हा कुठे सुरू झालेली असते. म्हणून हे पत्र, थोडं लांबेल, पण शक्य झालं तर छापा.

माझी मोठी मुलगी तिसरीत आहे आणि धाकटा यंदा बालवर्गात जायला लागलाय, साडेतीन वर्षांचा आहे. बायकोचं ऑफिस उशिरा सुटतं त्यामुळे त्याला शाळेतून आणणं आणि पुढची अख्खी दुपार-संध्याकाळ माझ्याकडे असते, माझी आई घरी आहे तिची मदत होते. दोन मुलांच्या वेळी हे सगळं जवळून बघितल्यावर मला एक गोष्ट अगदी मनापासून सांगावीशी वाटते. मूल शाळेत जायला लागलं की सगळे विचारतात अक्षरं येतात का, आकडे म्हणतो का, रडतो का. पण त्या वयात शाळेचा खरा भार पडतो तो मुलाच्या शरीरावर, म्हणजे त्याच्या झोपेवर, शी-शूवर, दमण्यावर, सर्दी-खोकल्यावर आणि इवल्याशा बोटांवर. त्याबद्दल शाळा काही सांगत नाही, पेपरात येत नाही, आणि मग घरोघरी आईबाप एकटेच बसून विचार करतात की आपल्याच मुलाचं काहीतरी बिनसलंय.

पहिला आठवडा तर बऱ्याच मुलांचा मजेत जातो हे तुम्ही पण ऐकलं असेल. नवीन बॅग, नवीन बाटली, सगळ्यांचं कौतुक, व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना युनिफॉर्म दाखवायचा. आमचा पण उड्या मारत गेला. आणि मग तिसऱ्या आठवड्यात एका रात्री अंथरुणात पडल्या पडल्या विचारतो, "बाबा, उद्या पण शाळा?" म्हटलं हो. "आणि त्याच्या उद्या पण?" म्हटलं हो रे बाळा. बराच वेळ काही बोलला नाही आणि मग जो रडायला लागला तो थांबेना. त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं होतं की हे रोजचं आहे. तोपर्यंत घरातले सगळे "रुळला बरं का" म्हणून मोकळे झालेले असतात, शाळेत पण टीचरचं लक्ष पहिल्या दिवसापासून रडणाऱ्या मुलांकडे असतं, त्यामुळे उशिरा रडणारं मूल दोन्हीकडून "नाटकं करतंय" या सदरात जातं. ते नाटक नसतं हो, त्याला खरंच आत्ता समजलेलं असतं.

गेटवर सोडताना काय करायचं यावर प्रत्येकाचं एक मत असतं आणि ते सगळे ऐकवून जातात. मूल बेसावध असताना गुपचूप सटका, हा सल्ला सगळ्यात जास्त मिळतो आणि मला तो सगळ्यात चुकीचा वाटतो, कारण मग मूल तुमच्यावरची नजरच काढत नाही, घरात बाथरूमला गेलात तरी दाराशी उभं राहतं. सांगून निघायचं, लवकर निघायचं, आणि कधी येणार ते त्याला कळेल असं सांगायचं. एवढ्याशा मुलाला साडेबारा कळत नाहीत, पण "गोष्ट झाली, डबा झाला, की बाबा गेटवर" हे कळतं. आणि मग त्या वेळेला खरोखर गेटवर असायचं, त्यात कसूर नाही.

मेरी एन्सवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या, जॉन बोल्बी यांच्याबरोबर त्यांनी आईबाप आणि मुलांच्या नात्यावर काम केलं. त्यांचे प्रयोग वर्ष-दीड वर्षाच्या बाळांवर होते, शाळेतल्या मुलांवर नव्हते, पण त्यातली एक गोष्ट मला फार उपयोगी वाटली. आई खोलीतून गेल्यावर बाळ किती रडलं यापेक्षा आई परत आल्यावर बाळ काय करतं, तिच्याकडे येतं का, तिच्या कुशीत शांत होतं का, याला त्यांनी जास्त महत्त्व दिलं. आपण नेमकं उलटं करतो, सगळं लक्ष सोडण्याच्या वेळेवर आणि आणायला मात्र घरात जो रिकामा असेल तो जातो, एका हाताने मोबाइल कानाला लावून. (कुणाला दोष देत नाही, ऑफिसमधून धावत येणाऱ्या माणसाचे फोन थांबत नसतात हे मला माहिती आहे.)

जर्मनीत लहान मुलांच्या पाळणाघरांमधे बर्लिन मॉडेल म्हणून एक पद्धत वापरतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर वर्गातच बसतात, थोडाच वेळ, आणि दोघं एकत्र घरी जातात. चौथ्या दिवशी पहिल्यांदा आईबाप काही मिनिटांसाठी बाहेर जातात आणि मूल टीचरकडून शांत होतंय का ते बघून पुढचं ठरवतात, कुणाला कमी दिवस लागतात कुणाला जास्त. आपल्या मुलाच्या शाळेत मी विचारलं होतं की पहिले एकदोन दिवस वर्गात बसू का, तर म्हणाले पालक गेटच्या आत आले की मुलं बिघडतात. पंचवीस मुलं आणि दोन टीचर असताना त्यांची अडचण मला समजते. पण मग निदान पहिले काही दिवस शाळा तासाभराचीच ठेवा, मुलं निम्म्या निम्म्याने बोलवा, हे तरी जमण्यासारखं आहे की नाही?

आता शाळेतून घरी आल्यानंतरचं. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण याच वेळी घरात सगळ्यात जास्त भांडणं होतात.

शाळेत टीचर सांगतात किती शांत आहे, किती ऐकतो, स्वतःची बॅग स्वतः ठेवतो. हाच मुलगा घराच्या दारात आला की एक बूट काढतो, दुसरा निघत नाही, की तो बूट भिरकावतो, मी पाण्याचा ग्लास देतो तर हा ग्लास नको तो पाहिजे, तो दिला तर त्यात पाणी जास्त आहे, थोडं ओतलं तर का ओतलंस म्हणून जमिनीवर आडवा. परवा सॉक्सची शिवण बोटाला टोचते म्हणून एवढा रडला की शेजारच्या काकू बघायला आल्या. माझी आई म्हणाली, "अरे, फार लाडावलाय हा, शाळेत बरं नीट वागतो." मी म्हटलं, "आई, शाळेत नीट वागतो ना, म्हणूनच." तिला आधी पटलं नाही.

पण विचार करा. सकाळपासून चार-पाच तास त्या जीवाने काय काय सांभाळलेलं असतं. शी-शू दाबून ठेवायची, रडू दाबून ठेवायचं, आवडती गाडी दुसऱ्याने घेतली तरी ओरडायचं नाही, नंबर येईपर्यंत थांबायचं, कलकल सहन करायची, नाव पुकारलं की हो म्हणायचं. स्वतःला आवरणं हे काम मेंदूच्या ज्या पुढच्या भागात चालतं तो भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, आणि साडेतीन वर्षांच्या मुलाकडे तर त्याची नुसती सुरुवात असते. ती सगळी ताकद संपवून ते घरी येतं, आणि घर ही एकच जागा आहे जिथे सांडलं तरी चालतं. प्रत्येक मुलाचं असंच होतं असं नाही, काही मुलं उलट एकदम गप्प होतात, कोपऱ्यात जाऊन बसतात, काहींना नुसतं धावायचं असतं. पण दारातल्या त्या अर्ध्या तासाला हट्टीपणा म्हणून शिस्त लावायला जाऊ नका एवढंच माझं म्हणणं आहे. त्या वेळी समजावून सांगितलेलं काहीच आत जात नाही, आणि मारलं तर त्याला एवढंच कळतं की इथे पण सांडायचं नाही.

आम्ही आता काय करतो तर घरी आल्यावर पहिला अर्धा तास कुणीच काही विचारत नाही. हातपाय धुवायचे, पाणी, काहीतरी पोटात, आणि मग त्याला हवं तर मांडीवर, नको तर जमिनीवर लोळू द्यायचं. टीव्ही नाही. आणि खरं सांगतो, टीव्ही लावला की घर लगेच शांत होतं हे खरंय, पण बंद करताना दुप्पट वसूल करतो. हल्ली माझी आईच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की आत्ता त्याच्याशी बोलू नका, नुकताच आलाय शाळेतून.

"आज काय शिकवलं?" हा प्रश्न तर प्रत्येक जण विचारतो आणि प्रत्येकाला एकच उत्तर मिळतं, काही नाही. मग आईबाप घाबरतात की वर्गात लक्ष नाही, शाळा काही शिकवतच नाही. एवढ्या लहान मुलाला अख्ख्या दिवसातून निवडून, क्रम लावून सांगणं जमतच नाही हो, मोठ्या माणसाला ऑफिसमधून आल्याआल्या कुणी विचारलं दिवसभर काय केलंस तर तो तरी काय सांगतो. एखादी छोटी गोष्ट विचारली की धागा मिळतो. आज कुणी रडलं का? तुझ्या शेजारी कोण बसलं होतं? एका रात्री आंघोळ घालताना सहज विचारलं तर म्हणाला एक मुलगा पडला, गुडघ्याला लागलं, टीचरनी फुंकर घातली, मी पण घातली. केवढं समजलं मला त्यातून. वर्गात काय वातावरण आहे, टीचर कशा आहेत, आपल्या मुलाला दुसऱ्याचं दुखणं दिसतं. हे कुठल्याच प्रगतिपुस्तकात आलं नसतं.

झोपेचं गणित मात्र कुणालाच चुकवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मधे पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक सूचना काढली त्यात तीन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाची झोप धरून 10 ते 13 तास झोप हवी असं म्हटलंय, आणि स्क्रीन दिवसाला एक तासाच्या वर नको, कमी तितकं चांगलं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना झोपतज्ज्ञ 9 ते 12 तास सांगतात. आता मांडा हिशोब. दुपारी न झोपणाऱ्या मुलाला सकाळी साडेसहाला उठवायचं तर रात्री साडेआठला ते गाढ झोपलेलं पाहिजे, तेव्हा कुठे कमीतकमी दहा तास होतात, म्हणजे आठला अंथरुणात. आणि किती घरांमधे आई किंवा बाबा घरी पोचतातच आठला? मूल दिवसभर ज्यांची वाट बघत असतं ते दार उघडून आत आले आणि त्याला म्हणायचं झोप आता. ते कसं झोपेल? ते उलट जास्तच उड्या मारतं, कारण दमलेलं लहान मूल मोठ्या माणसासारखं पेंगत नाही, अंगात आल्यासारखं करतं, आणि घरचे म्हणतात याला झोपच नाही आलेली, खेळू दे अजून.

बायकोला याचं फार वाईट वाटतं. ती येते तेव्हा तो झोपायला टेकलेला असतो. आम्ही यावर बोललो, भांडलोही, आणि सध्या असं ठरवलंय की संध्याकाळ माझी तर सकाळ तिची, उठवणं, आवरणं, शाळेत सोडणं सगळं तिने करायचं आणि त्यासाठी थोडं लवकर उठवायचं म्हणून रात्री अजून लवकर झोपवायचं. कुठेतरी काहीतरी सोडावं लागतंच. पण यात आईबापांनाच उपदेश करत राहण्यापेक्षा शाळा भरायच्या वेळा आणि ऑफिसं सुटायच्या वेळा याबद्दल तुमच्यासारख्या पेपरांनी लिहिलं पाहिजे असं मला वाटतं. बालवर्गाला एवढ्या सकाळी बोलवायची गरज काय असते हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

आता जे बोलायला लोक लाजतात ते. टॉयलेट.

शाळा सुरू झाल्यावर धाकट्याची पाण्याची बाटली रोज भरलेली परत यायला लागली. सुरुवातीला वाटलं विसरत असेल. मग घरी आल्याआल्या पळत बाथरूमकडे, कधी पोचायचा कधी नाही. शेवटी त्याच्याकडूनच हळूहळू कळलं की युनिफॉर्मच्या चड्डीला वर हूक आणि खाली चेन आहे, ती त्याला एकट्याला निघत नाही, मावशींना सांगायची लाज वाटते, आणि आतून कडी लागली तर उघडणार नाही अशी भीती. म्हणून त्याने स्वतःच उपाय शोधला होता, पाणीच प्यायचं नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाने! घरी त्याला सगळं येत होतं, घरी इलॅस्टिकची चड्डी असते. मुलगी लहान असताना तिचं कारण वेगळं होतं, तिला तिथली ओली जमीन नको वाटायची.

हे हसण्यावारी नेऊ नका. शू दाबून ठेवायची सवय लागली की लघवीचं इन्फेक्शन व्हायची शक्यता वाढते, पाणी कमी प्यायलं आणि शी पण दाबली की बद्धकोष्ठ होतं, आणि आत साठलेली शी मूत्राशयावर दाबते त्यामुळे मूल पुन्हा चड्डी ओली करायला लागतं. घरच्यांना वाटतं मोठा होऊन मागे चाललाय, मग रागावतात, चारचौघांत बोलतात, आणि मूल अजून दाबून ठेवतं. रात्री अंथरूण ओलं होण्याचं पण तसंच. पाच वर्षांच्या साधारण 15 टक्के मुलांना रात्री अंथरुणात शू होते, शंभरातल्या पंधरांना, म्हणजे प्रत्येक वर्गात तीन-चार मुलं असतातच, आणि त्यातली बहुतेक हळूहळू आपोआप थांबतात. आधी कोरडं राहणारं मूल शाळा सुरू झाल्यावर काही दिवस परत ओलं करतं हेही नेहमीचं आहे. रागावून यातलं काहीच थांबत नाही. पण लघवीला जळजळ, ताप, पोटात दुखणं, किंवा शी अनेक दिवस घट्ट असं काही असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

आम्ही शाळेत जाऊन बोललो. टीचर चांगल्या आहेत, त्यांनी ऐकून घेतलं, युनिफॉर्मच्याच रंगाची इलॅस्टिकची चड्डी चालेल म्हणाल्या. चार दिवसांत बाटली रिकामी परत यायला लागली. एवढी साधी गोष्ट होती! पण किती शाळांमधे युनिफॉर्म ठरवताना कुणी बघतं की हा हूक एवढ्या बोटांना निघेल का? पट्टा, टाय, मागून बटणं असलेला फ्रॉक, हे सगळं फोटोत गोड दिसतं आणि बाथरूमच्या दारात मुलाचा जीव जातो. आणि शू लागली म्हणून हात वर केला तर "आत्ताच तर जाऊन आलास ना" हे वाक्य बालवर्गात तरी बंद व्हायला हवं. जाऊ द्या हो त्यांना.

बोटांचा विषय निघालाच आहे तर लिहिण्याबद्दल. मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती सगळी कूर्चेची म्हणजे मऊ असतात आणि एकेक करून हाडात बदलत जातात, त्यातली सात साधारण सहा-सात वर्षांपर्यंत एक्सरेमधे दिसायला लागतात आणि आठवं त्याच्याही नंतर. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाची पेन्सिलवरची पकड तीन बोटांची नसेल, मुठीची असेल, तर त्यात आळस नाही की हट्ट नाही. त्याला पानभर रेघा काढायला लावण्याऐवजी माती मळू द्या, कागद फाडू द्या, बटणं लावू-काढू द्या, कपडे वाळत घालताना चिमटे लावायला द्या. फ्रेडरिक फ्रोबेलने जर्मनीत 1837 मधे लहान मुलांसाठी जे सुरू केलं त्यात ठोकळे आणि चेंडू होते, मारिया मॉन्टेसरीने 1907 मधे रोममधे गरीब वस्तीतल्या मुलांसाठी घर उघडलं तिथे बटणं लावायच्या, नाड्या बांधायच्या चौकटी वापरल्या. शंभराहून जास्त वर्षं झाली या गोष्टी माहीत होऊन, आणि आपण अजून बालवर्गाच्या मुलाच्या वहीत लाल शेरे मारतोय.

आणि कृपा करून जन्मतारीख बघा. एकाच वर्गात साडेतीनचं मूल असतं आणि साडेचारला टेकलेलं पण असतं. त्या वयात अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ पाव हिस्सा. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांमधे असं दिसलंय की वर्गात वयाने सगळ्यात लहान असलेल्या मुलांना "लक्ष लागत नाही, फार चंचल आहे" हा शिक्का आणि त्याचं निदान इतरांपेक्षा जास्त मिळतं, आणि त्यात बऱ्याचदा ती फक्त लहान असतात एवढंच कारण असतं. फिनलंडमधे पहिलीचं वर्ष सुरू होतं तेच सातव्या वर्षी. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी आपल्या मुलाचा शंभरपर्यंत आकडे म्हणतानाचा व्हिडिओ टाकतो आणि इकडे एका घरात रात्री आठ वाजता दमलेल्या मुलाला पाटीसमोर बसवलं जातं, हे मी डोळ्याने पाहिलंय.

सर्दीचं थोडक्यात. शाळा सुरू झाली की मूल सारखं आजारी पडतं आणि आजी-आजोबा म्हणतात घरी होता तेव्हा कसा ठणठणीत होता. लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे सामान्य समजलं जातं, जी मुलं इतर मुलांमधे दिवस काढतात त्यांना त्याहून जास्त वेळा, आणि एकेक सर्दी दहा-बारा दिवस रेंगाळते. पावसाळी-थंडीच्या दिवसांत लागोपाठ आल्या की महिनेच्या महिने नाक वाहतंय असं वाटतं. सर्दी करणारे विषाणू दोनशेहून जास्त आहेत, एकेकाची ओळख व्हायला वेळ लागणारच. अमेरिकेत ट्युसनमधे मुलांवर अनेक वर्षं चाललेल्या एका अभ्यासात तर दिसलं की जी मुलं लहानपणी मोठ्या पाळणाघरात जाऊन जास्त वेळा आजारी पडली त्यांना पुढे शाळेच्या वयात सर्दी कमी झाली. तेव्हा प्रत्येक सर्दीला अँटिबायोटिक मागू नका, विषाणूवर ते चालतच नाही. मात्र श्वास जोरात चालत असेल, पाणी पीत नसेल, मलूल पडून राहत असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. आणि ताप असलेलं मूल औषध देऊन शाळेत पाठवू नका हे सांगायला सोपं आहे, पण त्या दिवशी सुट्टी आईने घ्यायची की बाबाने हे भांडण घरोघरी होतं आणि बहुतेक वेळा आईची सुट्टी जाते. बाबा लोकांनी याचा विचार करावा, मी आमच्यात आळीपाळी लावून घेतली आहे.

या सगळ्यात मोठ्या मुलीकडे दुर्लक्ष होतं हेही लिहायला हवं. सगळं घर धाकट्याच्या शाळेभोवती फिरत असतं. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मला पण कुणीतरी विचारा ना आज कोण रडलं." आता रोज तो झोपल्यावर थोडा वेळ फक्त तिचा असतो.

तर संपादक महोदय, माझी विनंती अशी आहे. पहिल्या दिवसाचे फोटो जरूर छापा, पण शाळा सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा या मुलांकडे वळा. बालरोगतज्ज्ञांकडून झोप आणि शी-शूबद्दल साध्या भाषेत लिहून घ्या, बालवर्गाच्या टीचरना लिहायला सांगा, वर्गात एका वेळी एवढी मुलं सांभाळणं म्हणजे काय असतं ते त्यांच्याकडूनच कळू दे. शाळांनी पालकसभा प्रवेशाच्या वेळी घेतात तशीच एक तिसऱ्या आठवड्यानंतर घ्यावी, कारण तेव्हा पालकांकडे खरे प्रश्न असतात, आणि त्या सभेत अभ्यासक्रम नको, मूल पाणी पितं का, टॉयलेटला जातं का, दुपारी पेंगतं का, एवढंच बोलावं. आणि पुढच्या वर्षीचा युनिफॉर्म ठरवण्याआधी तो साडेतीन वर्षांच्या एखाद्या मुलाला घालून एकट्याने काढायला सांगावा. आमच्या शाळेला मी हे लेखी दिलं आहे, इतर पालकांनीही आपापल्या शाळेत द्यावं.

आपला,
एक वाचक, दोन शाळकरी मुलांचा बाबा